चाफ्याचं पील

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे माझ्या माहेरी भडगावला माहीत आहे आणि सासरी रावेरकडेही. ललित, माझा नवरा, म्हणायचा की हेमांगी चिडली की मी आधी दुधाचं पातेलं लांब नेतो, उगाच नासायला नको. अशी मी, पण एक गोष्ट मी वर्षभराहून जास्त दाताखाली धरून ठेवली. गोष्ट आमच्या अंगणातल्या चाफ्याची. ती बोलले असते तर माझे सासरे मोडून पडले असते, आणि ते मोडले असते तर आमच्या घरात उभं राहायला कुणी उरलंच नव्हतं.

धुळ्यात देवपुरातलं आमचं घर लहान आहे. अंगण म्हणजे स्कूटर लावली की कपडे वाळत घालायला अंग चोरून जावं लागतं एवढं. तिथे ललितला सोनचाफा लावायचा होता. मी म्हटलं, वेड लागलंय का, ते ताडमाड वाढणारं झाड, पाया उखडेल, भिंत फोडेल, आणि शेजारच्या सुगंधाबाई पडलेलं एकेक पान आपल्या दारात आणून टाकतील. तेव्हा तो कलमी चाफा घेऊन आला. कमरेएवढंही नव्हतं ते रोप, आणि त्याला दोन कळ्या होत्या. “हा बुटका आहे,” म्हणाला. “छातीच्या वर जाऊच द्यायचा नाही. शेंडा खुडत राहायचा, म्हणजे डेरेदार होतो.”

मग त्याने माझा हात धरून रोपाच्या बुडाशी नेला. जमिनीपासून वीतभर वर खोडाला एक गाठ होती, हाताला जाड लागणारी. “इथे जोडलंय. गाठीच्या वरचं ते आपलं. खालचं बियांचं साधं झाड, त्याची फक्त मुळं घेतलेली. खालून काही फुटलं तर लगेच खुडून टाकायचं. ते आपलं नाही.” मी म्हटलं, बरं, कळलं, हात सोड, भाजी करपतेय.

त्या झाडाचे त्याने फार लाड केले. उन्हाळ्यात धुळ्याचं ऊन माणसालाच सोसत नाही, तर त्या नाजूक पानांना काय सोसणार. मार्च संपला की हा चार बांबू रोवून हिरवी जाळी बांधायचा, बुडाशी उसाचं पाचट पसरायचा आणि ऑफिसातून आल्या आल्या, बूट काढायच्या आधी पाणी घालायचा. झाडाने पांग फेडले. छातीच्या वर गेलं नाही आणि फुलायचं थांबलं नाही. मी डोक्यात फुलं माळणारी बाई नव्हे, म्हणून तो सकाळी एक फूल माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून ठेवायचा. बसमध्ये तिकिटाचे पैसे काढले की शेजारची बाई वळून बघायची.

तो श्रावणात गेला. साधा ताप म्हणता म्हणता आठवडाही लागला नाही. मला त्याबद्दल लिहायचं नाही. आम्हाला मूल नव्हतं, एवढं मात्र सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून आहे.

तेराव्यानंतर मला एकटीला सोडायचं नाही म्हणून सासू-सासरे गाव सोडून माझ्याकडे आले. सासूबाई धुरपदाबाई, त्यांना मी आई म्हणते. गुडघे गेलेले, त्यामुळे खिडकीजवळच्या खाटेवर त्यांचं सगळं जग. सासरे जीवराम नाना. जन्मभर केळी केली. शेत चुलतभावाला बटाईने दिलं आणि इथे येऊन बसले. शेतकऱ्याला शहरातल्या कॉलनीत बसवलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. नाना सकाळी उठून दाराच्या पायरीवर बसायचे आणि हाताचे पंजे एकमेकांत अडकवून नुसते त्यांच्याकडे बघत राहायचे. मुलगा गेल्यावर ते रडले नव्हते. बोलतही नव्हते.

म्हणून मी चाफा त्यांच्या स्वाधीन केला. म्हटलं, “नाना, हे तुम्ही बघा. ललित म्हणायचा, बुटकं आहे, वाढू द्यायचं नाही.”

“बुटकं म्हंजे बसराईसारखं,” नाना म्हणाले. बसराई ही त्यांच्याकडची ठेंगणी केळी. कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं लांब वाक्य होतं. मी लगेच म्हटलं, “हो हो, तसंच.” आणि “खालून फुटवे आले तर तेवढे काढत जा.”

नाना झाडाला लागले ते लागलेच. आळं केलं, कडेला विटा लावल्या, खुरपं गावाहून मागवलं. त्यांचा चेहरा माणसात आला. एका सकाळी मी हेल्मेट घालून निघालेली असताना ते बुडाशी बसून मला म्हणाले, “फुटवे आले व्हते. काढले. एक ठेवला.”

मी “बरं” म्हटलं आणि गाडी काढली. एक ठेवला याचा अर्थ मला कळायचं काही कारण नव्हतं. आमच्याकडे भडगावला कापूस आणि लिंबू. केळीवाल्या घरात जन्मलेल्या माणसाला विचारा, तो लगेच सांगेल. केळीच्या बुडातून पिलं फुटतात. सगळी काढायची आणि एकच जोरदार पील राखायचं. घड उतरला की मोठं झाड कापून टाकायचं, त्याचे तुकडे तिथेच बुडाशी पसरायचे आणि पील वाढवायचं. ते पील म्हणजे तीच केळी. कंद तोच, जात तीच, घड तसाच. नानांचा बाग असा पिलांवर पिलं धरत त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला.

ललितचं पहिलं वर्षश्राद्ध झालं, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात जाळी बांधूनही चाफ्याचा शेंडा करपला. पानं तपकिरी झाली, दोन फांद्या वाळल्या. झाड थकल्यासारखं दिसत होतं, पण तसं ते दर उन्हाळ्यात दिसायचं. ललित म्हणायचा, हात लावू नकोस, पाऊस लागला की सावरतं. त्याच सुमारास भावाच्या मुलीचं, मयुरीचं लग्न निघालं आणि मी भडगावला गेले.

परत आले तेव्हा फाटकातच पाय थबकले. चाफा नव्हता. जमिनीलगत कापलेला बुंधा, त्याच्या कुशीतून वर आलेला गुडघ्याएवढा हिरवागार फुटवा, आणि त्याच्याभोवती हातभर लांबीचे खोडाचे तुकडे कडेकडेने नीट रचून ठेवलेले. ओल टिकावी म्हणून.

माझ्या तोंडात काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. मी बॅग खाली टाकली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात नाना पायरीवरून उठून आले. हसत होते. ललित गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले.

“पाह्य,” ते म्हणाले. “मोठं थकलं व्हतं. त्याचं सगळं बळ आता याले भेटीन. ललितचं पील हाये हे. किती जोरात हाये पाह्य.”

खिडकीतून आईंचा आवाज आला, “सकाळधरून धा बार सांगून झालं मले. ललितचं पील, ललितचं पील.” आणि त्याही हसत होत्या, डोळे पुसत पुसत.

या घरात पील हा शब्द दुसऱ्या कशासाठी तरी हवा होता. लग्न झाल्यापासून हवा होता, आणि तोंडावर मला कुणी कधीच काही म्हटलं नव्हतं. ना आईंनी, ना नानांनी. आता त्यांना एक मिळालं होतं. मी उघडलेलं तोंड मिटलं, “छान आहे” म्हटलं, आत गेले, न्हाणीघराचा नळ मोठा सोडला आणि बादली भरून वाहून जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. मला नानांचा इतका राग आला होता की त्यांच्या हातातलं खुरपं पांझरा नदीत फेकून द्यावंसं वाटलं. आणि तितकीच दयाही आली होती.

दुसऱ्या दिवशी नाना आंघोळीला गेले तेव्हा मी त्या रचलेल्या तुकड्यांतला गाठीचा तुकडा तेवढा शोधून काढला आणि ललितच्या शर्टांमागे कपाटात ठेवला. कशासाठी ठेवला ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

पील वाढू लागलं. बियांचं झाड ते, त्याला बुटकेपणा कसला माहीत. पावसाळ्यात कंबर ओलांडली, दिवाळीला माझ्या डोक्यावर गेलं. पानं रुंद, चकचकीत. नाना शेंडा खुडायचे, ते दोन शेंडे काढायचं. असं झाड फुलायला आठ-दहा वर्षं घेतं, हे मी मोबाईलवर वाचलं होतं. नाना ऐंशीच्या घरात आलेले. हिशोब करायची गरज नव्हती.

त्याच वर्षी दिवाळीआधी, श्रावणात, ललितच्या तिथीला आईंना त्याच्या फोटोला चाफा वाहायचा होता. त्याच्या पहिल्या वर्षश्राद्धाला त्यांनी त्याच झाडाचं फूल वाहिलं होतं. फूल नाही म्हटल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. नाना खाटेजवळ जाऊन म्हणाले, “औंदा लहान हाये ते. पुढच्या साली देईन. मी सांगतो ना तुले.” जन्मभर घड कधी लागेल ते सांगत आलेला माणूस. आईंनी विश्वास ठेवला.

मग ते वर्ष गेलं आणि पुढचा श्रावण आला. रोज सकाळी नाना झाडाभोवती फिरायचे, पान न् पान उलटून बघायचे. रोज संध्याकाळी मी आले की आई विचारायच्या, “कळी धरली का वं?” मी म्हणायची, धरेल. खोटं बोलायची मला सवय नाही, मी भांडणारी बाई आहे. त्या दोन अक्षरांनी माझी जीभ भाजायची. त्यात भिंतीपलीकडून सुगंधाबाई. वाईट नाहीत त्या, पण गप्प बसवत नाही. “काय वो नाना, पाने त मोठा मोठा शेतस, फूल कथं शे? भिंत मात्र बठ्ठी फोडी टाकी हाई झाड.”

फूल कुठे आहे, भिंत तेवढी सगळी फोडेल, हे ऐकून नाना खुरपं उचलून आत आले. रात्री जेवताना भाकरीचा तुकडा हातातच धरून मला म्हणाले, “माह्या हातून काही चुकलं का, हेमा?”

“नाही नाना. तुमच्या हातून काय चुकणार.”

“मंग ते कायले रुसलं?”

मला त्या क्षणी ठरवावं लागलं. तिथी तीन दिवसांवर होती.

आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी पूल ओलांडायच्या आधी आग्रा रोडवरच्या फुलवालीकडे थांबले. तिच्याकडे ओल्या फडक्याखाली सोनचाफा होता. त्यातल्या त्यात टवटवीत एक फूल मी उचललं. तिने ते केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून दिलं. ते पान बघून मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. गाडी चालवायची होती म्हणून दोन्ही आवरलं.

तिथीच्या सकाळी नाना उठायच्या आधी मी अंगणात गेले आणि पिलाच्या एका फांदीत, पानाच्या बेचक्यात, ते फूल घट्ट खोचून ठेवलं. लांबून अगदी खरं वाटत होतं. मग आत येऊन पुरणाची डाळ शिजत घातली आणि कान बाहेर लावून उभी राहिले.

नानांच्या चपला वाजल्या. थांबल्या. पानं उलटल्याची सळसळ झाली. मग ते आत आले, हाताच्या ओंजळीत फूल घेऊन. माझ्याकडे न बघता सरळ खाटेकडे गेले.

“घे,” ते आईंना म्हणाले. “आलं.”

आईंनी ते फूल नाकाला लावलं, डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं. मग दोन्ही गुडघ्यांवर हात टेकत स्वतः उठल्या, कधी नव्हे त्या भिंत धरत फोटोपर्यंत गेल्या आणि फूल वाहिलं. “आलास रे बाबा,” म्हणाल्या. मी चुलीकडे पाठ करून उभी होते ती वळून चुलीकडे तोंड करून उभी राहिले. घरभर वास सुटला होता. तोच वास, पर्समधला. खोट्या फुलालाही वास खराच येतो.

जेवणं झाली, आईंचा डोळा लागला. मी अंगणात भांडी सुकत घालत होते. नाना पायरीवर बसले होते.

“हेमा,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “कळी कधी धरली व्हती वं त्याले?”

मी पातेलं पुसत राहिले.

“काल सांजेले मी पान न् पान पाह्यलं. कळी नव्हती. कळीबिगर फूल कोठी येत नाही. आन् देठ वाळेल व्हता त्याचा.” मग म्हणाले, “मी रागावलो नाही. मले फक्त खरं सांग. हे झाड फुलणार हाये का नाही?”

एवढे दिवस दाताखाली धरलेलं मग सोडलंच. मी आत जाऊन शर्टांमागचा तुकडा आणला आणि त्यांच्या हातात दिला. ललितने माझा हात नेला होता तसा मी त्यांचा अंगठा त्या गाठीवर नेऊन ठेवला. म्हटलं, “नाना, ही दोन झाडं होती. वरचं बुटकं, फुलांचं. ते ललितने आणलं होतं. खालचं बियांचं, साधं, ते फक्त मुळासाठी. ललित म्हणायचा, ते आपलं नाही. पील खालून फुटलेलं आहे. ते खूप मोठं होईल, पण त्याला फूल यायला फार वर्षं लागतील.”

नाना तो तुकडा उलटसुलट करून बघत राहिले. “कलमी आंबा असते तसं.”

“तसंच.”

“कलमी आंबा मले ठाऊक हाये. पण हात केळीचा हाये माह्या. हातानं इचारलंच नाही.” मग त्यांनी तो तुकडा पिलाच्या दिशेने धरून पाहिला. शेवटी म्हणाले, “म्हंजे मी कापलं ते आपलं व्हतं.”

मी “हो” म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

नाना रडले नाहीत. गाठीवरची माती अंगठ्याने पुसत राहिले, पुसायला काही उरलं नव्हतं तरी. समोर पील उभं होतं, भिंतीच्या वर गेलेलं, पानं हलवत.

“वरचं गेलं,” ते म्हणाले, “आन् खालचं राह्यलं. आपल्या घरासारखंच झालं हे.”

तेव्हा मात्र मला आवरलं नाही. मी तिथेच, भांड्यांच्या टोपलीशेजारी बसून रडले. ललित गेल्यावर सगळ्यांसमोर रडले होते, ते वेगळं. हे पोटातून आलं. नानांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि ठेवूनच दिला, जड, खरखरीत.

“काढू का मंग मी हे?” त्यांनी विचारलं. “भिंत फोडीन ते. ललित म्हणे ना, ते आपलं नाही.”

“ललितला काय विचारायचंय आता,” मी नाक पुसत म्हटलं. “म्हणायला तो इथे राहिला का? राहू द्या. ते तरी कुठे जाणार. भिंतीचं बघू.”

नानांनी मान हलवली. तेवढ्यात आतून आईंची हाक आली. जाग आली होती त्यांना. “अहो, आजून कळ्या हायेत का पाहा ना जरा झाडावर.”

नाना उठले. पिलाजवळ गेले, दोन पानं उगाच उलटून बघितली आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “हायेत. दोन-तीन हायेत.”

मग माझ्याजवळ येऊन, खिडकीत ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “उद्या येतांना दोन आणजो. एक फूल देऊन झाड थांबत नाही, तिले शंका यीन. आन् देठ वला पाहून घेजो.”